निवेदनापासून असहकारापर्यंत: मराठवाड्यातल्या गावाने अहिंसक लढा कसा उभारावा

मराठवाड्यात आंदोलन म्हटले की तीन चित्रे ठरलेली असतात: महामार्गावर जळणारे टायर, तहसीलसमोर उपोषणाचा मंडप, आणि 15 ऑगस्ट किंवा 26 जानेवारीच्या तोंडावर जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आत्मदहनाचा इशारा. तिन्हींमागची तळमळ खरी असते. टँकर येत नाही, विम्याचे पैसे जमा होत नाहीत, न विचारता जमिनीची मोजणी सुरू होते, लाठी चालते आणि चौकशी होत नाही. पण या तिन्ही गोष्टी अगदी टोकाच्या आहेत आणि आपण नेमकी त्यांच्यापासून सुरुवात करतो. मधल्या पायऱ्या गाळल्या जातात, म्हणून माणसे दमतात, गुन्हे अंगावर येतात आणि प्रश्न तसाच राहतो. हा लेख त्या मधल्या पायऱ्यांविषयी आहे.

सरकार कितीही जबर असले तरी त्याचे रोजचे काम आपल्याच हातांनी चालते. पंचनाम्यावर पंच म्हणून सही गावकरी करतो. मोजणीला आलेल्या माणसाला बांध गावकरी दाखवतो. मंत्र्याच्या सभेला गाड्या भरून माणसे गावातून जातात, आणि जप्तीच्या लिलावात बोली बहुतेक वेळा शेजारच्याच गावातला कोणीतरी लावतो. हे हात ठरवून, एकजुटीने आणि उघडपणे मागे घेणे म्हणजे असहकार. मोर्चा, ठिय्या, उपोषण ही त्याची दिसणारी अंगे आहेत. खरे बळ मागे घेतलेल्या सहकार्यात असते.

आपल्या मातीतला अनुभव

निजामाच्या राज्यात सभा घ्यायलाही परवानगी लागत असे. तरीही 1937 साली परतूरला निजाम राज्यातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. तेव्हा कार्यकर्त्यांनी तुकड्या करून सत्याग्रह केला. एक तुकडी अटक झाली की पुढची तयार. त्याच काळात उस्मानिया विद्यापीठातल्या आणि औरंगाबादच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हक्क सोडायला नकार दिला. त्यांना काढून टाकण्यात आले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला.

नागपूरचे दार उघडे नसते तर किती मुले टिकली असती? माणूस भीतीने जितका मागे फिरतो, त्याहून जास्त वेळा अडचणीने फिरतो. शाळा बंद पडली, मजुरी बुडाली, दुकानदाराने उधारी थांबवली की घरातूनच 'आता पुरे' ऐकू येते. त्या पिढीला हे कळले होते. म्हणून लढ्याच्या कितीतरी आधी हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, जिथे पुढे या लढ्याचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ शिकवायला आले. अंबाजोगाई, उदगीर या गावांतही अशा शाळांनी माणसे घडवली. उर्दू ही राज्यकारभाराची आणि शिक्षणाची भाषा असताना मराठी शाळा चालवणे हाच एक प्रतिकार होता, आणि 1947-48 मधले अनेक कार्यकर्ते याच शाळांतून पुढे आले.

त्या लढ्याला सशस्त्र बाजूही होती, सरहद्दीवर कॅम्प होते, आणि शेवट सप्टेंबर 1948 मधल्या पोलीस कारवाईने झाला. हे झाकायचे कारण नाही. पण गावोगावचा सामान्य माणूस लढ्यात आला तो झेंडा लावून, जंगल सत्याग्रह करून, सारा आणि लेव्ही, म्हणजे सक्तीने वसूल केले जाणारे धान्य, द्यायला नकार देऊन. बंदूक हातात घेणारे थोडे असतात. नकार म्हातारी बाईसुद्धा देऊ शकते. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टेफन या अभ्यासकांनी 1900 ते 2006 या काळातल्या जगभरच्या 323 मोठ्या चळवळी तपासल्या, तेव्हा अहिंसक चळवळींपैकी 53 टक्के यशस्वी ठरल्या होत्या आणि हिंसक चळवळींपैकी 26 टक्के. याचे मोठे कारण त्यांना हेच दिसले, की अहिंसक लढ्यात कितीतरी जास्त आणि वेगवेगळ्या थरांतली माणसे उतरू शकतात.

पहिली पायरी: मागणी एका वाक्यात बसवा

'शेतकऱ्यांना न्याय द्या' ही मागणी नव्हे. ती कोणी मान्य केली तरी काय बदलले ते कळणार नाही. 'अमुक मंडळातल्या नुकसानीचे पंचनामे अमुक तारखेच्या आत पूर्ण करून यादी चावडीवर लावा' ही मागणी आहे. ती पूर्ण झाली की नाही हे शाळकरी पोरही सांगू शकेल.

मागणी लिहिली की तिच्यापुढे एकच नाव लिहा: हा निर्णय कोणाच्या सहीने होतो? तलाठ्याच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी तलाठ्याच्या दारात बसून उपयोग नाही. टँकरचा प्रस्ताव गट विकास अधिकारी आणि तहसीलदारांकडून जातो, पीकविम्यात कंपनी आणि कृषी खाते दोन्ही असतात, आणि भूसंपादनासाठी नेमलेला अधिकारी अधिसूचनेतच नमूद असतो. चुकीच्या दारात केलेले आंदोलन खऱ्या जबाबदाराला मोकळे सोडते. आणखी एक सवय मोडा: निवेदनात चौदा मागण्या घालण्याची. त्यातल्या सोप्या दोन मान्य होतात, फोटो निघतो, आणि जिच्यासाठी सगळे जमले ती मागणी मागेच राहते.

दुसरी पायरी: कागद

हे काम कंटाळवाणे आहे. पण पुढे कलेक्टरसमोर, पत्रकारांसमोर आणि कोर्टात उभे राहताना हाच कागद हातात असतो.

निवेदन द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'साहेबांना देतो, ठेवून जा' यावर विसंबू नका. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. मग माहितीचा अधिकार. 2005 च्या कायद्यानुसार जन माहिती अधिकाऱ्याने 30 दिवसांत उत्तर द्यायचे असते. अर्जाला 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट पुरते आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही माफ आहे. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, म्हणून 'सर्व माहिती द्यावी' असे न लिहिता कागदाचे नाव लिहा: टँकरचे लॉगबुक, पंचनाम्याची यादी, मोजमाप पुस्तिका. उत्तर आले नाही तर 30 दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे.

तिसरा कागद ग्रामसभेचा ठराव. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. गणपूर्ती 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. सभा खरोखर भरवा, कारण नंतर कोणी म्हणाले की 'विरोध चार-दोन जणांचा आहे', तर ठरावाखालच्या सह्या हेच उत्तर असते. शक्तिपीठ महामार्गाच्या मोजणीला परभणी-नांदेडकडच्या शेतकऱ्यांनी विरोध सुरू केला तेव्हाही हरकती, ठराव आणि बांधावरचा नकार या तिन्हींचा आधार एकमेकांना लागला. जमिनीच्या प्रकरणात हरकतीची मुदत अधिसूचनेतच लिहिलेली असते. ती हुकली की रस्त्यावर कितीही माणसे आणा, ती परत येत नाही.

तिसरी पायरी: कोण सोबत आहे, कोण अजून नाही

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि मराठवाड्यात ती सगळ्यात अवघडही आहे.

27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर गावोगाव दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, घरे सोडून लोक परागंदा झाले. नामांतराची मागणी करणाऱ्यांनी मात्र मोर्चे काढले, तुरुंग भरले, 1979 मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला, आणि 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. ठराव ते अंमलबजावणी, मध्ये सोळा वर्षे गेली. मराठवाड्यात चिकाटी कशाला म्हणतात हे शिकायचे असेल तर तिथे शिकावे. आणि गावातला एक भाग दुसऱ्या भागावर कसा तुटून पडू शकतो, हेही तिथेच पाहावे लागते.

म्हणून 'सगळे गाव आमच्यासोबत आहे' असे म्हणण्याआधी मोजा. बैठक कुठे घेतली? देवळाच्या सभामंडपात घेतली तर काही घरे येणारच नाहीत आणि का आले नाही ते सांगणारही नाहीत. शाळेच्या व्हरांड्यात घ्या. बौद्धवाडा, मांगवाडा, मुसलमान मोहल्ला, तांडा, गावकुसाबाहेरची पालं, प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन विचारा, आणि तिथला एक माणूस व एक बाई निर्णय घेणाऱ्या समितीत घ्या. नुसते मोर्चाला बोलावू नका. ज्याला निर्णयात जागा नाही तो पहिल्या लाठीला मागे फिरला तर दोष त्याचा नाही.

बाया आल्या पाहिजेत, तर बैठकीची वेळ त्यांच्या सोयीची हवी. पाणी भरणे, रोजंदारी आणि चूल यांच्या मधली वेळ कोणती हे त्यांनाच विचारा. आणि कॅलेंडर बघा. बीड, धाराशिव, परभणी, जालन्याच्या कितीतरी गावांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. डिसेंबरात बेमुदत आंदोलन लावले तर अर्धे गाव फडावर असते. जूनमध्ये पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावी. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी आलेल्या शेतकऱ्यांनी दहावीच्या परीक्षेला अडथळा नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतच चालून काढला. मुंबईने त्यांना पाणी, खाणे, चपला दिल्या, त्यामागे हेही एक कारण होते.

शेवटी समोरच्या बाजूची यादी करा. ग्रामसेवक, तलाठी, बंदोबस्ताला येणारा शिपाई, हे आपल्याच कोणाचे तरी मुलगे-सुना आहेत. त्यांना शिवीगाळ केली तर ते साहेबाच्या जास्त जवळ जातात. आदराने बोललात, तर त्यातला एखादा निदान खोटा पंचनामा करायला कचरेल. त्याची बढती किंवा बदली आपल्या हातात नाही, पण त्याच्या मनातली खळबळ बऱ्याच अंशी आपल्या वागण्यावर अवलंबून आहे.

चौथी पायरी: शिस्त आधी ठरवा, जागेवर नाही

9 ऑगस्ट 2016 रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा निघाला. घोषणा नाहीत, भाषणे नाहीत, मुली आणि बाया पुढे, पुढारी मागे. निवेदन मुलींनी दिले. रुग्णवाहिकेला वाट मिळाली आणि स्वयंसेवकांनी मागचा रस्ता झाडून काढला. त्यातल्या मागण्यांविषयी मतभेद होते आणि आहेत, पण शिस्तीचा तो नमुना कोणत्याही बाजूच्या कार्यकर्त्याने अभ्यासावा असा आहे. उलट ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड आणि माजलगावात जाळपोळ झाली, तेव्हा दोन दिवसांत संचारबंदी, इंटरनेट बंद आणि तरुणांवर गुन्ह्यांची रांग लागली. त्याआधी अंतरवाली सराटीत आंदोलकांवर झालेल्या लाठीमारानंतर राज्यभर जी सहानुभूती उभी राहिली होती, तिच्याविषयी बोलणे थांबले आणि जळालेल्या घरांविषयी बोलणे सुरू झाले.

कायद्यातही याचा हिशेब आहे. भारतीय न्याय संहितेत पाच किंवा जास्त माणसांच्या बेकायदा जमावातल्या एकाने समान उद्देशाने गुन्हा केला, तर जबाबदारी जमावातल्या प्रत्येकावर येऊ शकते. एका पोराने भिरकावलेला दगड शंभर जणांच्या अंगावर येतो.

तेव्हा हे आधीच करा. दर 20-25 माणसांमागे एक स्वयंसेवक, ओळखीचा, दंडाला पट्टी बांधलेला. दोन दिवस आधी त्यांची तालीम घ्या: कोणी पोलिसाच्या अंगावर धावला तर काय, गर्दीत अनोळखी माणूस चिथावू लागला तर काय, लाठीमार सुरू झाला तर काय. सर्वांना पाठ असावा असा एकच इशारा ठरवा, शिट्टी किंवा टाळी. तो झाला की सगळ्यांनी जागच्या जागी खाली बसायचे. बसलेल्या जमावातला दगड मारणारा लगेच दिसतो, आणि बसलेल्या माणसांवर लाठी उगारताना शिपाईही थबकतो. दारू प्यालेल्याला परत पाठवा, मग तो सरपंचाचा भाऊ का असेना. काठी, कोयता, कुऱ्हाड सोबत नको, प्रतीक म्हणूनही नको.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुले प्रत्येक गावात आहेत. दाखल गुन्हा त्यांच्या चारित्र्य पडताळणीत आडवा येतो. त्यांना अटकेच्या फळीत उभे करू नका. पाणी, जेवण, चित्रीकरण, कागदपत्रे अशी खूप कामे असतात. अटक पत्करायची तर ज्याला ती परवडते त्याने पुढे यावे, आणि त्याने स्वतः 'हो' म्हटले पाहिजे.

अफवेसाठी वेगळा माणूस नेमा. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेली कोणतीही बातमी त्याने फोन करून खरी ठरवल्याशिवाय पुढे जाणार नाही, हे आधी जाहीर करा. इंटरनेट बंद होईल असे धरूनच चाला: वस्तीवार एक जबाबदार माणूस, आणि त्यांचे नंबर वहीत.

पाचवी पायरी: साधन निवडा

चढत्या क्रमाने जा, म्हणजे प्रत्येक पायरीवर समोरच्याला मान्य करायला वाव राहतो आणि आपल्या माणसांना धीर येतो. निवेदन, सह्यांची मोहीम, ग्रामसभा, शिष्टमंडळ. मग एक दिवसाचे धरणे, कार्यालयाच्या आवारात भजन-कीर्तन, मूक फेरी. मग सत्काराला आणि सभेला न जाणे, समित्यांचे राजीनामे, पंच व्हायला नकार, संमतीपत्रावर सही न करणे. सगळ्यात शेवटी जाणूनबुजून कायदा मोडणे, शिक्षा स्वीकारून, तोंड न लपवता.

असहकाराचे उत्तम उदाहरण गुजरातेतले 1928 चे बारडोली. सरकारने सारा सुमारे 22 टक्क्यांनी वाढवला. शेतकऱ्यांनी तो भरायला नकार दिला, आणि जप्त केलेली गुरे-जमिनी विकत घ्यायला तालुक्यात माणूस मिळेना. वल्लभभाई पटेलांनी महिनोन्महिने गावोगावची शिस्त राखली, आणि वाढ 6.03 टक्क्यांवर आली. जप्ती करणे सरकारच्या हातात होते, पण बोली लावायला माणूस उभा करणे नव्हते.

जमाव जमवणेच धोक्याचे असेल तर विखुरलेले साधन वापरा. 1983 च्या मे महिन्यात चिलीत लष्करी राजवट होती. तांब्याच्या खाणकामगारांना संप करायचा होता, पण खाणींभोवती सैन्याने वेढा घातला. तेव्हा त्यांनी देशाला सांगितले: दिवसभर सावकाश काम करा, सावकाश गाडी चालवा, आणि रात्री घरातच भांडी वाजवा. गोळी घालायची तर घालणार कोणावर? आपल्याकडे ठरल्या वेळी गावभर दिवे मालवणे, ओट्यावर बसून भजन, बाजाराच्या दिवशी सगळ्यांनी काळी फीत, अशा किती तरी गोष्टी सहज जमतील.

दोन साधनांविषयी स्पष्ट सांगतो. रेल रोको करू नका. रेल्वे कायद्याच्या कलम 174 खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि अडकतात ते आपल्यासारखेच दवाखान्याला, परीक्षेला निघालेले लोक. बंदच्या बाबतीत, स्वतःहून दुकान बंद ठेवणे वेगळे आणि दुसऱ्याला शटर पाडायला लावणे वेगळे. सक्तीचा बंद न्यायालयांनी बेकायदा ठरवला आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठी राजकीय पक्षांना दंडही केला आहे. छोट्या हातगाडीवाल्याचा दिवस बुडवून उभारलेला लढा न्यायाचा कसा म्हणावा?

उपोषण, आणि जीव

आमरण उपोषण हे शेवटचे साधन आहे. ते चालते तेव्हा त्यामागे आधीच उभी राहिलेली संघटना असते. नसली तर एक माणूस खंगत जातो आणि बाकीचे मंडपात बसून वाट पाहतात. म्हणून आधी साखळी उपोषण लावा. रोज वेगळी पाच-सहा माणसे, वेगवेगळ्या वस्त्यांतली. त्यात बाया, म्हातारे, शाळामास्तर सगळे येऊ शकतात, आणि ते महिनाभरही चालवता येते.

कोणी बसणारच असेल तर मधुमेही, किडनीचा किंवा हृदयाचा विकार असलेली, गरोदर, फार वयस्क व्यक्ती बसू नये. सरकारी डॉक्टरची रोजची तपासणी लेखी घ्या: वजन, रक्तदाब, नाडी, साखर. पाणी बंद करू नका. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी गेलेच पाहिजे. पाणी सोडलेला माणूस थोड्याच दिवसांत मृत्यूच्या दारात जातो, आणि बोलणी करायलाही वेळ उरत नाही. उपोषण अनेक दिवस चालले असेल तर सोडताना पोटभर जेवण किंवा गोड देणे धोक्याचे असते. रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम एकदम घसरून हृदय बंद पडू शकते. डॉक्टरच्या देखरेखीखाली, ब-1 जीवनसत्त्व देऊन, थोडे थोडे वाढवत न्यावे. नारळपाण्याचा ग्लास ओठाला लावून फोटो काढला की काम संपले असे नाही. कधी थांबायचे हे बसणाऱ्याने शुद्धीवर असताना, घरच्यांसमोर, आधी लिहून ठेवावे.

आत्मदहनाचा इशारा देऊ नका, दुसऱ्याला देऊ देऊ नका. जुलै 2018 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनादरम्यान कायगाव टोक्याला गोदावरीत उडी घेतलेल्या तरुणाचा जीव गेला. त्याच्या जाण्याने मराठवाडा हळहळला, पण त्याच्या घराला तो परत मिळाला नाही. सरकारी नोकराला भाग पाडण्यासाठी असा प्रयत्न करणे हा न्याय संहितेच्या कलम 226 खाली गुन्हाही आहे. पण कायदा बाजूला ठेवा. लढा जगण्यासाठी आहे. आपल्यातला कोणी तसे बोलू लागला तर ती घोषणा समजून टाळ्या वाजवू नका. त्याला एकटे सोडू नका, घरच्यांना सांगा, 14416 या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर बोला.

सहावी पायरी: पोलीस, अटक, कोर्ट

राज्यघटनेच्या कलम 19 ने शांततेने, शस्त्राविना जमण्याचा हक्क दिला आहे. त्यावर वाजवी बंधने घालता येतात. कार्यक्रमाची सूचना पोलीस ठाण्यात आधी लेखी द्या: तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे माणसे, जबाबदार व्यक्ती. पोच घ्या. लाउडस्पीकर रात्री 10 नंतर नको. परवानगी नाकारली तर कारण लेखी मागा आणि वकिलाला दाखवा.

जमावबंदी बहुधा दोन प्रकारे येते: महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली, किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली, जे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले 144. तोंडी 'जमावबंदी आहे' म्हटले तर आदेशाची प्रत मागा. हद्द कुठवर आणि तारीख कोणती ते वाचा. आंदोलनाच्या आदल्या दिवशी कार्यकर्त्यांना नोटिसा येतात, त्या याच संहितांतल्या पूर्वीच्या कलम 149 च्या आणि आताच्या 168 च्या. त्या म्हणजे गुन्हा नव्हे. शांतपणे घ्या, प्रत फाइलला लावा.

अटक झाली तर अटकेचे कारण जाणून घेण्याचा, नातेवाइकाला कळवण्याचा आणि वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले पाहिजे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला अधिकाऱ्याला दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. न वाचता कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर सही करू नका. धक्काबुक्की झाली असेल तर दंडाधिकाऱ्यांसमोर तिथेच सांगा आणि वैद्यकीय तपासणी मागा. नंतर सांगितलेल्याला तेवढे वजन राहत नाही. कोठडीतल्या माणसाला, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी क्रमांक 15100.

हे सगळे एका कागदावर छापून प्रत्येकाच्या खिशात द्या. आणि गावात एक माणूस असा ठेवा जो आंदोलनाला जाणारच नाही. कोणाला कुठल्या ठाण्यात नेले, घरी म्हशीचे कोण बघेल, पोरांना जेवण कोण देईल, हे त्याचे काम.

सातवी पायरी: बोलणी

मंत्री येतात, माइकवर जाहीर करतात, उपोषण सुटते, आणि आश्वासनाचा कागद कुणाकडेच नसतो. हे इतक्या वेळा घडले आहे की आता तरी त्यात फसायला नको. बोलणीला कधीही एकटा माणूस जाऊ नये, विश्रामगृहाच्या बंद खोलीत तर नाहीच. समिती जाईल, परत येऊन सगळ्यांसमोर सांगेल, आणि मग ठरेल. समिती किती झुकू शकते हे आत जाण्याआधीच बैठकीत ठरलेले असावे. आश्वासन लेखी हवे: कोण करणार, कधीपर्यंत, कोणत्या आदेशाने. शासन निर्णय निघाला असेल तर त्याचा क्रमांक घ्या आणि संकेतस्थळावर तपासा. दिल्लीच्या सीमांवर बसलेल्या शेतकऱ्यांनी 19 नोव्हेंबर 2021 ला कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा ऐकली, तरी ते उठले नाहीत. संसदेने कायदे रद्द केले, सरकारचे लेखी पत्र आले, आणि मग डिसेंबरात तंबू हलले.

गुन्हे मागे घेण्याची अट त्याच कागदात घाला. ती राहून गेली की सरकार बदलते, अधिकारी बदलतात, आणि वीस वर्षांचा मुलगा पस्तिशीला पोचेपर्यंत तारखांना जात राहतो. लिहून द्यायचे शब्द 'आंदोलन मागे घेत आहोत' असे नकोत, 'अमुक तारखेपर्यंत स्थगित करत आहोत' असे हवेत.

नंतरची कामे

पैशाचा हिशेब आठ दिवसांत पारावर लावा. किती वर्गणी आली, मंडपाला किती, चहा-जेवणाला किती. वर्गणी देणाऱ्या मजुराला हा हिशेब विचारावा लागू नये. पावतीपुस्तक आणि दोन सह्यांचे बँक खाते पहिल्या दिवसापासून असेल तर हे तासाभराचे काम आहे.

कोर्टाच्या तारखांची एक वही करा आणि ज्याच्यावर गुन्हा आहे त्याच्यासोबत दर तारखेला गावातून दुसरा कोणीतरी जाईल असे ठरवा, पाळीपाळीने. तालुक्याला जाण्याचे भाडे आणि बुडालेली रोजी निधीतून द्या. लेखी आश्वासनाची मुदत जवळ आली की त्याच्या पंधरा दिवस आधी स्मरणपत्र, शिक्क्यासह. मुदत टळली तर ग्रामसभा, आणि तिथून पुन्हा पाचव्या पायरीवर, या वेळी एक पायरी वरचे साधन. सगळी कागदपत्रे तीन ठिकाणी ठेवा: समितीकडे एक संच, वकिलाकडे एक, आणि एक गावाबाहेर राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाकडे.